तिशीच्या आत माजी सरपंच

"मग, आता पुढं काय ठरवलंय?" हा प्रश्न मला एसटीत विचारला जातो, लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, गिरणीत दळणाचा डबा ठेवून उभी असले तरी विचारला जातो. विचारणाऱ्याकडं उत्तर बहुधा तयारच असतं. आमच्या गटाच्या पुढाऱ्यांना वाटतं, मी पंचायत समितीला उभं राहावं. पुण्यातल्या मैत्रिणींना वाटतं, परत येऊन एमपीएससीचा अभ्यास धरावा. मावशीला वाटतं, आता तरी स्थळं बघू द्यावीत. माझं वय 29. गावातल्या लग्नपत्रिकांवर 'प्रमुख उपस्थिती'च्या रकान्यात माझं नाव 'माजी सरपंच' म्हणून छापून येतं, सत्तरी ओलांडलेल्या दोन माजी सरपंचांच्या खाली.

मी सरपंच झाले त्यात माझं कर्तृत्व किती होतं, ते आधीच सांगून टाकते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मी पुण्यात नवी पेठेत कॉटबेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास करत होते. 5 एप्रिलची पूर्वपरीक्षा पुढं ढकलली, मी बॅग भरून माणदेशात आले, आणि ती परीक्षा पुढं पुढंच जात राहिली. डिसेंबरात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डातली एक जागा महिलेसाठी होती, पॅनेलला उमेदवार हवी होती आणि मी घरात रिकामी दिसत होते. अण्णा म्हणाले, "भर अर्ज. उद्या मुलाखतीत सांगाय बरं पडंल." वडिलांचा हिशेब तेवढाच होता, माझाही.

15 जानेवारी 2021 ला राज्यात 14 हजारांहून जास्त ग्रामपंचायतींचं मतदान झालं. त्या खेपेला सरपंचपदाचं आरक्षण निकाल लागल्यावर काढायचं असं सरकारनं ठरवलं होतं, त्यामुळं आपण कशासाठी निवडून येतोय हे कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या पॅनेलचे नऊपैकी पाच आले, त्यात तीन बायका. मग सोडत झाली आणि चिठ्ठी निघाली सर्वसाधारण महिला. तिघींपैकी एकीचा नवरा पॅनेलप्रमुख तात्यांना डोळ्यांसमोर नको होता. दुसरीच्या भावकीला पद गेलं तर बाकीची भावकी बिथरणार होती. राहिले मी. लग्न झालेलं नाही, म्हणजे मधे तोंड घालायला नवरा नाही, आणि वय लहान, म्हणजे सांगू ते ऐकणार. या दोन गुणांवर माझी निवड झाली. पुढं कुणी 'युवा नेतृत्व' म्हणून हार घातला की मला हे आठवायचं आणि हार जरा हलका वाटायचा.

कायद्याचीही एक गंमत. 2017 पासून सरपंच थेट गावानं निवडायचा, 2020 मध्ये ते बंद झालं, 2022 मध्ये पुन्हा सुरू झालं. माझा नंबर बरोबर मधल्या फटीत लागला. मला गावानं नव्हे, सदस्यांनी निवडलं होतं. त्यामुळं पाचजण रोज जपायचे. कुणाच्या घरी बारसं आहे, कुणाची म्हैस आजारी आहे, कुणाच्या भावाचं कुणाशी वाजलंय, हे सगळं लक्षात ठेवायचं. मासिक सभेला चारच आले तर ठराव अडतो आणि पाचवा का आला नाही याचं खरं कारण कधीच नोटिशीत लिहिलेलं नसतं. याचा तेव्हा मला वैताग यायचा. आज वाटतं, थेट निवडून आले असते तर मी निम्मंही शिकले नसते.

अभ्यासाचं म्हणाल तर पंचायत राज हा माझा हक्काचा टॉपिक. बलवंतराय मेहता समिती 1957, 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू, महाराष्ट्रात महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 मध्ये. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पहिल्या सभेत भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, रोकडवही पुढं सरकवली. नमुना 5. त्यांनी बोट ठेवलेल्या जागेवर सही करायची असते, एवढंच मला समजलं. मी म्हटलं, ही वही मी आज घरी नेते. भाऊसाहेब हसले, म्हणाले, "मॅडम, दप्तर घरी नेता येत नाही." ते बरोबर होते. मग मी ऑफिसातच बसायला लागले. शिपाई झाडायला यायचा तेव्हा मी खुर्चीवर असायचे. ग्रामपंचायतीचे नमुने 1 ते 33. अंदाजपत्रक, कर आकारणी, मागणी, पावत्या, साठा, मोजमाप. महिना-दीड महिना मी दुसरं काही केलं नाही. बाहेर तात्या लोकांना सांगत होते, "पोरगी अजून परीक्षेचाच अभ्यास करतीय वाटतं."

त्या बसण्याचा पहिला फायदा डोंगलचा झाला. वित्त आयोगाचा पैसा खर्ची टाकायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते आणि ती सही पेनड्राईव्हएवढ्या डोंगलमध्ये असते. आमच्याकडं रीत अशी की दोन्ही डोंगल संगणक ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्डची चिठ्ठी त्यांनाच चिकटवलेली. सरपंचाला नंतर फोन करून सांगायचं की बिल निघालं. मी माझं डोंगल मागून घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. भांडण केलं नाही, भाषण केलं नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक बिलाच्या आधी मला फोन यायला लागला आणि प्रत्येक फोनवर मी विचारायला लागले की हे काम कुठं झालंय, चला बघू. गावात 'पोरगी लई चिकट हाय' हा माझा लौकिक तिथून सुरू झाला.

दोनच महिन्यांत करोनाची दुसरी लाट आली. झेडपीच्या शाळेत विलगीकरण कक्ष केला, गाद्या मंडपवाल्याकडून आणल्या, ऑक्सिमीटर लेखी सही घेऊन घरोघर फिरवले. हे सगळ्याच गावांनी केलं. माझ्यासाठी तो काळ वेगळ्या कारणानं लक्षात आहे. एप्रिलच्या शेवटी नियम आला की लग्न दोन तासांत आणि 25 माणसांत. आणि त्याच आठवड्यात तात्यांच्या पुतणीचं लग्न होतं. मांडव पडला होता, आचारी ठरला होता, आहेराची भांडी आली होती. ज्यांनी मला खुर्चीवर बसवलं त्यांच्याच दारात जाऊन मांडव काढा म्हणायचं होतं. पोलीसपाटील म्हणाले, मी सांगतो. मी म्हटलं नको.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले ती मागच्या दारानं, थेट स्वयंपाकघरात. काकी लाडू वळत होत्या. मी शेजारी बसले, एक-दोन लाडू वळले आणि बोलता बोलता शाळेत किती जण झोपून आहेत आणि त्यातली दोघं कुठल्या लग्नाला जाऊन आली होती ते सांगितलं. नियमाचा शब्द काढला नाही. तात्यांशी तर बोललेच नाही. दुसऱ्या दिवशी मांडव निम्मा निघाला होता, तिसऱ्या दिवशी सगळा. लाडू डब्यातून घरोघर गेले. तात्यांनी मात्र पुढं वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. पुण्यातल्या क्लासमध्ये 'निर्णयक्षमता' नावाचा एक भाग शिकवायचे, चार पर्याय आणि एक बरोबर. मागच्या दारानं जाणं हा पर्याय त्यात कधी आला नव्हता.

पण पाच वर्षांचा खरा ऐवज विचाराल तर तो पाण्याचा आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर पाणी नळानं द्यायचं असं ठरलेलं आहे. आमची योजना मंजूर झाली, दहा टक्के लोकवर्गणीवरून दोन ग्रामसभा गाजल्या, टाकी झाली, पाईप पुरले, नळ बसले. नारळ फुटला, फोटो निघाले. आणि वरच्या आळीला पाणी येईना.

वरची आळी चढावर आहे. खालच्या लोकांचं म्हणणं, चढामुळं पाणी पोचत नाही, त्याला कोण काय करणार. वरच्यांचं म्हणणं, आम्ही दुसऱ्या पॅनेलला मतं दिली म्हणून सरपंच आमच्या लाईनचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, बंद ठेवते. दोन्ही बाजूंची खात्री पक्की. मी पहाटे पाणी सोडणाऱ्या काकांबरोबर फिरायला लागले. त्यांच्या खांद्यावर लांब दांड्याची टी-आकाराची चावी. चेंबरचं झाकण काढायचं, चावी खाली घालून वॉल किती फेरे फिरवायचा ते मनात मोजायचं, झाकण लावायचं. हे फेरे कुठंही लिहिलेले नव्हते. काका रजेवर गेले की गावाचं पाणी बिघडायचं ते यामुळंच. फिरता फिरता एक आवाज कानावर यायला लागला, खालच्या आळीत भिंतीआडून बारीक घूं घूं. नळाला मोटार. एका घरात नव्हे, ओळीनं. पाणी आलं की बटण दाबायचं आणि सगळं ओढून घ्यायचं. त्यात आमच्या पॅनेलच्या सदस्याचं घर होतं आणि माझ्या सख्ख्या चुलत्यांचंही.

मोटारी जप्त करा, असा ठराव ग्रामसभेत एका मिनिटात मंजूर झाला. मोटार लावणारे सगळेच हात वर करून उभे होते. ठरावानं काही होणार नव्हतं, कारण जप्त करायला जाणार कोण? शेवटी उपाय वायरमननं सुचवला. पाणी सुटण्याच्या तासाला गावठाणाची लाईट बंद ठेवायची. टाकीतून पाणी उतारानं येतं, त्याला लाईट लागत नाही. मोटारीला लागते. असं काही गावांत करतात, पण त्याला कागदावर आधार मिळवणं म्हणजे हेलपाटे. मी महिला ग्रामसभेत विषय मांडला, कारण पहाटेची लाईट गेली तर मिक्सर आणि गिझर बायकांचे बंद पडणार. दीड तास भांडण झालं. वरच्या आळीची एक आजी उठून एवढंच म्हणाली, "तुमच्या चटणीला मिक्सर पायजे, आमच्या चटणीला पाणी." ठराव झाला. पहाटे तासभर अंधार आणि वर पाणी. चुलत्यांनी दिवाळीला बोलावलं नाही.

वॉलचे फेरे मात्र मी काकांकडून वदवून घेऊन एका वहीत लिहिले. कुठल्या चेंबरचा वॉल किती फेरे, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती. ही वही कुठल्याच नमुन्यात बसत नाही. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात कामाचा दस्तऐवज तोच, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमच्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं गलईच्या धंद्याला बाहेर जातात, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामाला. केरळ, तमिळनाडू, बंगाल, जिथं सराफपेठ आहे तिथं खानापूर-आटपाडीकडचा माणूस सापडतो. गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्यावरच चालतो. यात्रेला ही मंडळी गाड्या घेऊन येतात, मंदिराच्या शिखराला लाखांनी देणग्या देतात. मी त्यांच्याकडं गटारासाठी पैसे मागितले. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी दिलेही नाहीत. मग एका मोठ्या व्यापाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "ताई, गटारावर नाव कुठं टाकणार?" मला त्यांचा राग आला नाही. पुढच्या यात्रेला आम्ही शाळेच्या स्वच्छतागृहांवर देणगीदारांच्या फरशा बसवायचं जाहीर केलं. पैसे जमले. गटार वित्त आयोगाच्या बंधित निधीतून केलं. तेव्हा आयोगाच्या पैशातला 60 टक्के वाटा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता, त्यामुळं पेव्हर ब्लॉक मागणाऱ्यांना सांगायला बरं पडायचं.

आता त्या पुढच्या प्रश्नाकडं येते.

पैशाचं सांगायचं तर सरपंचाचं मानधन आमच्याएवढ्या गावाला महिना 3 हजार होतं, 2024 मध्ये ते 6 हजार झालं. पुण्याच्या खोलीतल्या तिघींपैकी एक आज मंत्रालयात आहे, एक पीएसआय झाली, एक बँकेत. त्यांच्या पगाराचे आकडे मला ठाऊक आहेत आणि नाही म्हटलं तरी रात्री कधीतरी ते डोक्यात फिरतात. मी वह्या बंद करून ठेवल्या त्या काळात राज्यसेवेची परीक्षाच बदलली. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक, यूपीएससीच्या धर्तीवर. म्हणजे परत जायचं तर पहिल्या इयत्तेपासून. वयाची अट अजून आड येत नाही, पण मनाचं काय? ज्या खात्याचं पत्र हातात घेऊन मी साहेबांच्या केबिनबाहेर उभी राहिले, त्या केबिनमध्ये बसायचं मला एके काळी स्वप्न होतं. आज तिथला साहेब सकाळपासून किती लोकांना तेच उत्तर देतो ते मी बाकड्यावर बसून बघितलंय. स्वप्न मोडलं वगैरे नाही, नुसतं फिकट झालं.

राजकारणाची वाट दिसायला सरळ आहे. 2022 पासून रखडलेल्या झेडपी आणि पंचायत समितीच्या निवडणुकांच्या नावानं आमच्याकडं सतत बैठका चालू होत्या आणि माझं नाव चर्चेत होतं. एका बैठकीत मला विचारलं गेलं, किती खर्च करू शकाल? मी विचारलं, निवडून आल्यावर कुठलं काम करायचं आहे? खोलीतले सगळे अवघडले, जणू मी जेवणाच्या ताटावर चपला ठेवल्या. पंचायत समितीच्या एका गणात, म्हणजे मतदारसंघात, बरीच गावं येतात. माणूस लग्न, दहावं आणि वाढदिवस करत फिरतो, त्याला वॉलचे फेरे मोजायला वेळ कुठून मिळणार? काही जण तेही करतात, त्यांच्याबद्दल आदर आहे. माझा पिंड तो नाही, हे मला चाळिशीत कळण्याऐवजी आत्ता कळलं, हा मी फायदा समजते.

आदर्श गावांची भाषणं मी पुष्कळ ऐकली. हिवरेबाजारला पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले आणि तिथलं काम तीन दशकं एका हाताखाली सलग चाललं. प्रशिक्षणात आम्हा बायकांना तीच उदाहरणं देतात. मी एकदा हात वर करून विचारलं की फिरत्या आरक्षणात पाच वर्षांनी खुर्ची जाणाऱ्या बाईनं तीस वर्षांचं काम कसं करायचं? प्रशिक्षक चांगले होते, म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, चहानंतर बोलू. चहानंतर वेळ संपली होती. फिरतं आरक्षण नसतं तर मी, एक बिनलग्नाची 24 वर्षांची पोरगी, त्या खुर्चीच्या आसपास फिरकले नसते, हे मला पक्कं माहीत आहे. त्यामुळं आता 2025 ते 2030 साठीच्या सोडतीत आमचं गाव नागरिकांच्या मागास प्रवर्गाला गेलं, त्यावर कुरकुर करायचा मला हक्क नाही. ज्या न्यायानं मी आले त्याच न्यायानं दुसरं कुणी येतंय. प्रश्न एवढाच उरतो की जिला हे सगळं येतं ती पोरगी पाच वर्षांनी घरी बसून करते काय. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी पुन्हा पदराआड गेल्या. एकीनं तर ग्रामपंचायतीत जायचंच सोडलं, म्हणे नव्यांना वाटायला नको की मी लुडबुड करते.

मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. यशदा या पुण्यातल्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत प्रवीण प्रशिक्षक होण्यासाठी अर्ज करणार आहे. नव्या सरपंचांना शिकवायचं झालं तर 73वी घटनादुरुस्ती मी एका वाक्यात उरकेन आणि सकाळचं सत्र रोकडवहीवर घेईन. डोंगल पर्समध्ये ठेवायला सांगेन. पोटापाण्यासाठी म्हणून तालुक्याला दोन शेतकरी कंपन्यांचे हिशेब बघायचं काम धरलं आहे, ते चालू राहील.

दुसरी गोष्ट ऐकून अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. निवडणूक लागेल तेव्हा मी आमच्या वॉर्डातून साधी सदस्य म्हणून उभी राहणार आहे. तात्या म्हणाले, "सरपंचकी केलेल्या माणसानं परत सदस्य व्हायचं? लोक हसत्याल." हसतील, मान्य. गावाकडं एकदा वर बसलेल्यानं खाली बसायचं नसतं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं दिसतं. पण पाणीपट्टी मीटरवर न्यायची राहिली आहे, वरच्या आळीची दुसरी टाकी अंदाजपत्रकात अडकली आहे आणि नवे सरपंच थेट निवडून येणार असल्यानं त्यांना पाचजण जपायची गरज उरणार नाही. अशा सभेत वही उघडून प्रश्न विचारणारं कुणीतरी बसलेलं हवं. सही नसताना काम कसं पुढं सरकवायचं हे मला अजून येत नाही, आणि ते शिकायची मला खरोखर हाव आहे.

मावशीला सांगितलंय की स्थळं बघ, हरकत नाही. अट एकच, मुलाला गावात राहायची तयारी हवी, निदान पहाटे चेंबरपर्यंत यायची. तिनं कपाळावर हात मारला.

अर्ज भरायचा तर घरपट्टीची थकबाकी नसावी लागते. माझ्या काळात थकबाकीदारांची यादी मी ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचे, त्यामुळं यंदा आमच्या घराचं नाव त्यात निघालं तर वरची आळी वर्षभर पुरवून पुरवून हसेल. अण्णा अजून "भरू की, मार्च लांब आहे" म्हणतायत. उद्या मीच पावती फाडून आणते.